आयोडीनची भूक

दादरहून सुटणाऱ्या लोकलच्या बायकांच्या डब्यात प्रकृतीच्या गप्पा निघाल्या की चौघींतली एक तरी हमखास सांगते, ‘मला थायरॉईड आहे.’ लगेच दुसरी म्हणते, ‘अगं, मला पण!’ खरे म्हणजे थायरॉईड डब्यातल्या झाडून सगळ्यांना असते. टिकल्या-पिना विकायला चढलेल्या मुलीलाही असते. ते एका ग्रंथीचे नाव आहे, आजाराचे नव्हे. काविळीचा रुग्ण काही ‘मला यकृत आहे’ असे सांगत फिरत नाही. पण ही ग्रंथी इतकी मुकाट काम करते की ती बिघडेपर्यंत तिचे नाव कुणाच्या कानावर पडत नाही, आणि पडते तेव्हा ते आजाराचे नाव होऊनच पडते.

हा विनोद संपतो तो गळ्यात गाठ हाताला लागते तेव्हा. समजा, लालबागच्या एखाद्या चाळीत राहणाऱ्या पन्नाशीच्या काकू आहेत. आरशासमोर वेणी घालताना त्यांना गळ्याच्या खालच्या अंगाला, जरा डावीकडे, सुपारीएवढा उंचवटा दिसतो. दुखत नाही, खुपत नाही. घोट गिळला की तो वर सरकतो आणि पुन्हा खाली येतो. महिना-दोन महिने त्या कुणाला सांगत नाहीत. मग सुनेच्या लक्षात येते. कोपऱ्यावरचे डॉक्टर गळा चाचपतात, चिठ्ठी लिहितात आणि शेवटी म्हणतात, ‘एकदा टाटाला दाखवून घ्या.’ परळ-लालबागमध्ये या शब्दाचा उद्योगसमूहाशी काही संबंध नसतो. ‘त्यांना टाटाला नेले’ एवढे तीन शब्द कानावर आले की चाळीतला माणूस पुढचे काही विचारत नाही, नुसती मान हलवतो.

त्या मान हलवण्याबद्दलच हा लेख आहे. डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मार्गावरच्या त्या इमारतीत नाना प्रकारचे कर्करोग दाखल होतात. त्यांत थायरॉईडच्या कर्करोगाची जातकुळी वेगळी आहे. त्याच्या बहुतेक रुग्णांना पुढे दीर्घ आयुष्य मिळते, आणि याचे श्रेय डॉक्टरांच्या हाताइतकेच या ग्रंथीच्या एका हट्टी सवयीला द्यावे लागते. तिला आयोडीनची भूक असते. ही भूक काय चीज आहे हे समजले की त्या इमारतीत पुढे जे घडते ते निम्मे समजते.

आपल्या शालेय पुस्तकांत हिला अवटू ग्रंथी म्हणतात. कंठमण्याच्या खाली, श्वासनलिकेला समोरून मिठी मारून ती बसलेली असते. दोन पाळ्या आणि त्यांना जोडणारा मधला अरुंद पट्टा, असा फुलपाखरासारखा तिचा आकार. वजन जेमतेम १५ ते २५ ग्रॅम. श्वासनलिकेला ती घट्ट बांधलेली असल्यामुळेच गिळताना वरखाली होते, आणि म्हणूनच डॉक्टर गळा तपासताना पाण्याचा घोट घ्यायला सांगतात. थॉमस व्हार्टन नावाच्या इंग्रज वैद्याने १६५६ मध्ये तिला हे नाव दिले. ग्रीक भाषेतल्या ढालीवरून ते आले आहे. तिचे काम काय असावे याचे जे तर्क व्हार्टनने लढवले, त्यांत स्त्रियांच्या गळ्याला गोलाई देऊन शोभा आणणे हाही एक होता! विद्वानांना न समजलेली गोष्ट शोभेची ठरवण्याची खोड जुनीच म्हणायची.

आत डोकावले तर ही ग्रंथी म्हणजे सूक्ष्म गोल पिशव्यांचा गठ्ठा आहे. पिशवीची भिंत पेशींच्या एकाच थराची आणि आत दाट, मधासारखा द्रव. भिंतीतल्या पेशी रक्तातले आयोडीन अक्षरशः ओढून घेतात. रक्तात असते त्याच्या वीस ते चाळीसपट आयोडीन त्या आपल्यापाशी गोळा करतात. मग ते आतल्या प्रथिनाला जोडून संप्रेरक तयार करायचे आणि पिशवीत साठवून ठेवायचे. कोकणातल्या घरात पावसाळ्याआधी तांदूळ, सुकी मासळी, कोकमे भरून ठेवतात तशी ही बेगमी असते, आणि ती दोन-तीन महिने पुरते. शरीरातल्या दुसऱ्या कुठल्याही अंतःस्रावी ग्रंथीला एवढे साठवून ठेवण्याची सवय नाही.

तयार होणारी संप्रेरके मुख्यतः दोन. एकाच्या रेणूत आयोडीनचे चार अणू असतात म्हणून ते टी-फोर, अर्थात थायरॉक्सिन. दुसऱ्यात तीन, म्हणून टी-थ्री. ग्रंथी टी-फोर जास्त करते. शरीरातल्या पेशी त्यातला एक अणू काढून टाकून अधिक जोरकस असे टी-थ्री बनवतात. मग हृदयाने किती वेगाने धावावे, आतड्याने किती हलावे, अन्न किती जळावे, अंग किती ऊबदार राहावे हे सारे त्यावर ठरते. गर्भातल्या बाळाच्या मेंदूची घडणही त्यावरच अवलंबून असते, आणि पहिले काही महिने तर बाळ आईच्याच संप्रेरकावर जगत असते. जन्मानंतर टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन हे तपासता येते आणि कमतरता असेल तर पहिल्या दोन आठवड्यांत साधी गोळी सुरू करून मुलाची बुद्धी वाचवता येते. या सगळ्यावर देखरेख मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीची. रक्तात थायरॉक्सिन कमी झाले की ती टीएसएच नावाचा हुकूम सोडते, पुरेसे झाले की हुकूम आवरता घेते. म्हणून तपासणीच्या कागदावर टीएसएच वाढलेले दिसले तर थायरॉईड मंदावली आहे असे समजायचे. पुष्कळांना हे उलटे गणित प्रथम पटत नाही.

हे सारे विज्ञानाला कळले ते काहीशा क्रूर मार्गाने. स्वित्झर्लंडमधल्या बर्नचा थिओडोर कोखर हा गलगंडाच्या शस्त्रक्रियांत त्याच्या काळी बिनतोड मानला जाई. त्याचा हात इतका सफाईदार की तो ग्रंथी मुळापासून पूर्ण काढून टाकी. पण पुढे त्याने जुन्या रुग्णांना परत बोलावून पाहिले तेव्हा त्याला धक्का बसला. शस्त्रक्रिया उत्तम झालेली माणसे सुजलेली, थंडगार, मंद होऊन समोर उभी होती. मुलांची तर वाढच खुंटली होती. १८८३ मध्ये कोखरने हे स्वतःच जाहीरपणे सांगितले आणि ग्रंथी पूर्ण काढणे थांबवले. १९०९ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. मला त्या पारितोषिकापेक्षा स्वतःची चूक जगापुढे मांडणारा तो १८८३ सालचा माणूस मोठा वाटतो. पुढे १८९१ मध्ये इंग्लंडच्या जॉर्ज मरे याने अशाच एका मंदावलेल्या बाईंना मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला. बाई हिंडू-फिरू लागल्या आणि त्यानंतर अठ्ठावीस वर्षे जगल्या. ग्रंथीत आयोडीन असते हे मात्र १८९५ मध्ये बाउमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला कळले.

प्रौढ माणसाला दिवसाला आयोडीन लागते ते १५० मायक्रोग्रॅम. सत्तर वर्षांचा हिशेब केला तरी चार ग्रॅमही भरत नाही. चहाचा एक चमचासुद्धा भरणार नाही. पण तेवढे मिळाले नाही की भुकेली ग्रंथी फुगत जाते. तोच गलगंड. सुश्रुतसंहितेत त्याचे वर्णन आहे. बर्फाने आणि पावसाने माती धुऊन नेलेल्या डोंगराळ मुलखात हा विकार घरोघर असे. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात वस्तीचे तीन भाग केले. दोन भागांना आयोडीन घातलेले मीठ दिले, एकाला साधे. काही वर्षांतच पहिल्या दोन भागांतला गलगंड स्पष्टपणे घटला आणि मग तिसऱ्या भागालाही तेच मीठ मिळाले. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तो याच पायावर. आज आपल्या स्वयंपाकघरातल्या पिशवीतल्या एक ग्रॅम मिठात निदान १५ मायक्रोग्रॅम आयोडीन असलेच पाहिजे असा नियम आहे. साध्या मिठाच्या विक्रीवरची बंदी २००० मध्ये उठली आणि २००६ मध्ये पुन्हा आली. समुद्राकाठी मासळी खाणाऱ्यांना आयोडीनची ददात कमी असते हे खरे. पण गलगंड हा केवळ पहाडी लोकांचा प्रश्न नाही, महाराष्ट्राच्या काही भागांतही तो आढळलेला आहे.

आता लालबागच्या काकूंकडे वळू. त्यांच्या गळ्यातली गाठ कर्करोगाचीच असेल असे मुळीच नाही. थायरॉईडमधल्या गाठी, विशेषतः चाळिशी ओलांडलेल्या बायकांत, फार सर्रास आढळतात आणि तपासायला आलेल्या शंभर गाठींपैकी साधारण पाच ते पंधराच कर्करोगाच्या निघतात. सोनोग्राफी करायची, शंका वाटली तर बारीक सुईने काही पेशी ओढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या. इंजेक्शनाइतके दुखते, तेवढेच. अनेकांना वाटते की सुई लावली की गाठ ‘पसरते’. हा गैरसमज आहे, आणि तो फार महागात पडतो.

दुसऱ्या टोकाचा प्रकारही आहे. दक्षिण कोरियात १९९९ पासून राष्ट्रीय कर्करोग तपासणी मोहीम सुरू झाली आणि तिच्या जोडीने थोडे पैसे जास्त भरून गळ्याची सोनोग्राफी करून घेण्याची टूम निघाली. २०११ पर्यंत तिथले थायरॉईडच्या कर्करोगाचे प्रमाण १९९३ च्या तुलनेत पंधरापट झाले. मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. म्हणजे ज्या बारीक गाठी जन्मभर निमूट पडून राहिल्या असत्या त्या शोधून हजारो निरोगी माणसांचे गळे कापले गेले. आपल्याकडे जाहिरातींतून ‘संपूर्ण शरीर तपासणी’ची पॅकेजे विकतात, त्यांत गळ्याची सोनोग्राफी घातलेली पाहिली की मला कोरिया आठवतो. हाताला लागलेली गाठ जरूर दाखवावी. न लागलेली शोधत फिरू नये.

काकूंची गाठ कर्करोगाची निघाली असे धरून चालू. हा रोग पुरुषांपेक्षा स्त्रियांत साधारण तिप्पट आढळतो. त्याचे चार मुख्य प्रकार आहेत. दर दहांतले आठ ‘पॅपिलरी’ प्रकारचे असतात. हा संथ वाढणारा आणि सर्वांत सौम्य. दहा वर्षांनंतरही त्याचे दहातले नऊहून अधिक रुग्ण हयात असतात. त्याचा चुलतभाऊ ‘फॉलिक्युलर’ जरा चलाख, रक्तातून हाडांत आणि फुप्फुसांत जाणारा. ‘मेड्युलरी’ प्रकार पिशव्यांच्या बाहेरच्या वेगळ्याच पेशींतून निघतो आणि कधी कधी घराण्यात वारसा म्हणून येतो. आणि चौथा ‘ॲनाप्लास्टिक’ : म्हातारपणी येणारा, अतिशय दुर्मीळ आणि तितकाच निर्दय, त्याच्यापुढे आजही डॉक्टरांचे फार चालत नाही. हे सांगितलेच पाहिजे, कारण ‘थायरॉईडचा कर्करोग म्हणजे काहीच नाही’ असे सरसकट म्हणणेही खोटे आहे.

पहिला उपाय शस्त्रक्रिया. ग्रंथीच्या मागच्या अंगाला मुगाएवढ्या चार परावटू ग्रंथी चिकटलेल्या असतात आणि त्या रक्तातले कॅल्शियम सांभाळतात. स्वरयंत्राची नस तर ग्रंथीला खेटूनच वर जाते. ती दुखावली तर आवाज बसतो. गाणाऱ्या, शिकवणाऱ्या, बाजारात ओरडून माल विकणाऱ्या माणसाने ही गोष्ट शस्त्रक्रियेआधी सर्जनला आवर्जून सांगावी.

पण रोग जर गळ्याबाहेर गेला असेल तर? इथे ती भूक कामाला येते. १९३६ मध्ये बोस्टनच्या एका सभेत भौतिकशास्त्रज्ञ कार्ल कॉम्प्टन यांना सॉल हर्ट्झ या तरुण डॉक्टरने विचारले, आयोडीन किरणोत्सारी करता येईल का? उत्तर होकारार्थी आले. १९४१ मध्ये हर्ट्झने अतिरिक्त थायरॉईडच्या रुग्णांना असे आयोडीन पाजले. नंतर न्यूयॉर्कच्या सॅम्युएल सीडलिनपुढे एक विचित्र रुग्ण आला. त्याची थायरॉईड कधीच काढून टाकलेली, तरी शरीरात संप्रेरकाचा पूर आलेला! ग्रंथी नाही, मग संप्रेरक बनवते कोण? मापकयंत्र अंगावरून फिरवले तेव्हा कळले की हाडांत पसरलेल्या कर्करोगाच्या पेशीच आयोडीन ओढून संप्रेरक तयार करत होत्या. घर सोडून गेले तरी त्यांनी घरची सवय सोडली नव्हती. सीडलिनने त्यांना किरणोत्सारी आयोडीनच खाऊ घातले. १९४६ मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि कर्करोगाच्या उपचारात एक नवे दालन उघडले.

हेच दालन परळमध्ये आहे. टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. १९६२ मध्ये ते अणुऊर्जा खात्याकडे आले, तेव्हा कर्करोगाचे रुग्णालय अणूच्या खात्याकडे कशाला, असे अनेकांना वाटले असेल. उत्तर दुसऱ्याच वर्षी मिळाले. १९६३ मध्ये, होमी भाभांच्या हयातीतच, भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर परळला उभे राहिले. जेरबाई वाडिया मार्गावरच्या ॲनेक्स इमारतीतले हे केंद्र देशात या विद्येच्या अगदी जुन्या केंद्रांपैकी एक आहे. तुर्भ्याच्या अणुभट्टीत टेल्युरियम या मूलद्रव्यावर न्यूट्रॉनचा मारा केला की त्यातून आयोडीन-१३१ तयार होते. त्याचे अर्धायुष्य आठ दिवसांचे. म्हणजे आज शंभर असेल तर पुढच्या आठवड्यात पन्नास. भाऊच्या धक्क्यावरची मासळी आणि हे औषध, दोन्ही साठवून ठेवता येत नाहीत, ताजेच लागते. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर बनलेले औषध शहरातच परळला मिळणे ही सोय लहान नाही.

या आयोडीनमधून दोन प्रकारचे किरण निघतात. बीटा किरण ऊतींत जेमतेम दोन मिलिमीटरपर्यंत जातात आणि ज्या पेशीने आयोडीन गिळले तिलाच आणि तिच्या शेजाऱ्यांनाच मारतात. गॅमा किरण शरीराबाहेर येतात. त्यामुळे कॅमेऱ्याला रोग नेमका कुठे आहे ते दिसते. मारणारा आणि दाखवणारा एकाच घोटात. हीच भूक घातकही ठरू शकते. १९८६ मध्ये चेर्नोबिलच्या स्फोटानंतर किरणोत्सारी आयोडीन गवतावर, गवतातून दुधात आणि दुधातून मुलांच्या थायरॉईडमध्ये गेले आणि पुढे हजारो मुलांना कर्करोग झाला. ग्रंथीला चांगले-वाईट आयोडीन ओळखता येत नाही. पोलंडने त्या वेळी एक कोटीहून अधिक मुलांना साधे आयोडीन पाजून तिचे पोट आधीच भरून टाकले होते.

रुग्णाच्या बाबतीत उलटे करायचे असते : भूक वाढवायची. त्यासाठी शस्त्रक्रियेनंतर तीन-चार आठवडे थायरॉक्सिनची गोळी बंद ठेवतात, म्हणजे टीएसएच चढते. हे दिवस कठीण असतात. मुंबईच्या मे महिन्यात काकू शाल मागतात, चेहरा सुजतो, हात जड होतात, कारण नसताना रडू येते. घरच्यांना वाटते, बाईंनी धीर सोडला. त्यांनी धीर सोडलेला नसतो. अंगातले थायरॉक्सिन संपलेले असते. टीएसएच बाहेरून टोचण्याचे इंजेक्शन आहे, पण ते महाग.

त्यात पथ्य. एक-दोन आठवडे आयोडीन असलेले काही खायचे नाही : समुद्राची मासळी नाही, अंड्याचा बलक नाही, दूध-दही जपून, बेकरीचे पदार्थ नाहीत आणि नेहमीचे मीठ तर मुळीच नाही. मालवणी घरात सुरमई, बांगडा, सुके बोंबील सगळेच बंद झाल्यावर उरते काय? सरकारने इतकी वर्षे खटपट करून ज्या मिठात आयोडीन घातले, त्यात ते नसलेले मीठ आता दुकाने पालथी घालून शोधायचे.

मग ती खोली. औषध म्हणजे एक कॅप्सूल किंवा पाण्याचा घोट. चव नाही, वास नाही. मात्रा ठरावीक मर्यादेपलीकडे असेल तर रुग्णाला वेगळे ठेवणे नियमाने बंधनकारक असते. दार बंद होते. बाहेरचे कुणी आत येत नाही. भरपूर पाणी प्यायचे, लिंबाच्या गोळ्या चघळायच्या म्हणजे लाळेच्या ग्रंथींना त्रास कमी होतो. शरीराबाहेर टाकले जाणारे आयोडीन बहुतांश लघवीतून जाते. म्हणून तिथल्या संडासाचे पाणीही थेट गटारात सोडत नाहीत. टाक्यांत साठवून त्यातला किरणोत्सार विझेपर्यंत थांबतात. ऐंशी दिवसांत तो हजारांशावर येतो.

किरणोत्साराचे मोजमाप पुरेसे खाली आले की दोन-चार दिवसांत सुट्टी मिळते. पण खरी अडचण त्यानंतर सुरू होते. घरी काही दिवस वेगळे झोपा, लहान मुले आणि गरोदर बायकांपासून लांब राहा, संडास वेगळा वापरा, असे सांगतात. पाश्चात्त्य पुस्तकांतून आलेल्या या सूचना दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसांना आणि गॅलरीच्या टोकाच्या सार्वजनिक संडासाला कशा लागू करायच्या? डॉक्टर घरची परिस्थिती खोदून विचारतात ती याचसाठी. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, खरे सांगावे. परगावाहून येऊन धर्मशाळेत उतरलेल्यांनी तर आधीच सांगावे.

काकूंच्या घरी तोडगा निघालेला असतो. सून नातवाला घेऊन गिरगावला माहेरी गेली आहे, मुलगा गॅलरीत झोपतो. काकूंची थायरॉक्सिनची गोळी पुन्हा सुरू झाली आहे; ती आता जन्माची. पहाटे उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास चहा नाही. त्यांच्या मते सगळ्या उपचारातला सर्वांत जाचक भाग हाच. पथ्य मात्र सुटले आहे. दुपारी बांगड्याचे तिखले होते, नेहमीचे मीठ घालून. संध्याकाळी गिरगावहून फोन येतो. पलीकडून नातू विचारतो, ‘आजी, अजून किती दिवस?’ काकू भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बघतात आणि बोटांवर मोजू लागतात.